आत्याबाईंचा फोटो

आमच्या काकू निवर्तल्या त्यास आतां दोन वर्षें होत आलीं. तेराव्या दिवशीं भिंतीवर लावण्याकरितां त्यांचा एक चांगलासा फोटो हवा होता. आमच्या घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. पैकीं आठांच्या हातांत कॅमेरा असलेले फोन. दहा वर्षांत या आठ फोनांनीं टिपलेल्या फोटोंची मोजदाद करूं गेल्यास ती सहज वीसपंचवीस हजारांवर जाईल. परंतु सारें घर धुंडाळल्यावर जो एक फोटो हातीं आला, तो कोणाच्याशा लग्नांतील पंगतीचा निघाला. काकू वाढीत होत्या. हातांत कोशिंबिरीचें भांडें, मान वळलेली, अर्धा चेहरा पुढील गृहस्थांच्या फेट्याआड. छापणाऱ्यानें तो मोठा केला तेव्हां काकूंच्या डोळ्यांचे दोन काळसर ठिपके तेवढे उरले. काका बराच वेळ त्या फोटोकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "वाढतांनाच सांपडली. बसलेली कधीं दिसलीच नाहीं कोणाला."

बाकीचे फोटो काय झाले, हें सांगण्यासारखें नाहीं. एक फोन पाण्यांत पडला, एक प्रवासांत चोरीस गेला. आणि जे शिल्लक होते त्यांत वाढदिवसाचे केक, डोंगर, मांजर आणि स्वतःचींच तोंडें यांची एवढी गर्दी, कीं त्यांत काकूंना जागा मिळाली नव्हती. फोटो निघत असतांना त्या बहुधा स्वयंपाकघरांत असत.

त्यानंतर आम्हीं एक नीटसा कॅमेरा घ्यावयाचें ठरविलें. कारण कोणीं मोठ्यानें बोलून दाखविलें नाहीं. परंतु आमच्या आत्याबाई आतां चौऱ्यायशीं वर्षांच्या आहेत, हें सर्वांस ठाऊक होतें.

बाजारांत चौकशी करतां प्रथमच असें कळून आलें, कीं ज्या जातीच्या यंत्राचा विचार आम्ही करीत होतों, त्या जातीचे दिवस मावळत आहेत. भिंगांतून आलेलें चित्र आरशावरून वर फेंकून, लोलकांतून फिरवून डोळ्यापर्यंत पोंचविणारा हा कॅमेरा. फोटो घेण्याच्या क्षणीं आरसा वर उडतो आणि तोच प्रकाश मागील सेन्सरवर पडतो. २०१८ सालीं निकॉन व कॅनन या दोन्ही कंपन्यांनीं पूर्ण आकाराच्या सेन्सरचे बिनआरशाचे कॅमेरे बाजारांत आणले, आणि तेव्हांपासून नव्या शोधांचा ओघ त्या बाजूस वळला. दुकानदारानेंहि आम्हांस तिकडेच वळविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. आम्ही वळलों असतों. पण बाबांचें भिंग आड आलें.

आमच्या तीर्थरूपांनीं फिल्मच्या काळांत एक निकॉन कॅमेरा हौसेनें घेतला होता. कॅमेरा बुरशीनें गेला. त्याचें ५० मिलिमीटरचें, १.८ इतकें उघडणारें लहानसें भिंग मात्र तांदुळाच्या डब्यांत पुरून ठेवल्यामुळें अगदीं निर्मळ राहिलें होतें. (ही युक्ति आत्याबाईंची. तिचें शास्त्र काय तें आम्ही विचारलें नाहीं.) निकॉननें भिंग बसविण्याची आपली खोबण १९५९ सालीं ठरविली ती आरशाच्या कॅमेऱ्यांत पुढें अखेरपर्यंत चालविली, तेव्हां बाबांचें भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसेल यांत शंका नव्हती. पण बसणें निराळें आणि चालणें निराळें. या जुन्या भिंगांत नेम धरण्याची मोटर नसते. कॅमेऱ्याच्या तोंडाशीं पेचकसाच्या टोंकासारखा एक दांडा असतो, तो फिरून भिंगाचीं चाकें फिरवितो. स्वस्त कॅमेऱ्यांतून कंपनीनें हा दांडा काढून टाकला आणि नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यास कंपनीचें जोडकडें लावलें तरी त्यांतहि मोटर नाहीं. म्हणजे भिंग दिसावयास बसलेलें, पण नेम आपल्या हातानें धरावयाचा. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना हें जमण्यासारखें नव्हे.

येणेंप्रमाणें शोध घेत घेत आमची निवड निकॉन डी ७२०० या कॅमेऱ्यावर येऊन ठेपली. हा मार्च २०१५ मध्यें जाहीर झाला. शिकाऊंच्या कॅमेऱ्याहून वरचा आणि धंदेवाईकांच्या कॅमेऱ्याहून खालचा, असा हा मधला वर्ग. आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांस तोच शोभावा हें ओघानेंच आलें. आम्हीं तो दुसऱ्या हाताचा घेतला. विकणाऱ्या गृहस्थांनीं "फारसा वापरलेला नाहीं" असें छातीवर हात ठेवून सांगितलें होतें. आमच्या पुतण्यानें त्या कॅमेऱ्याचा एक फोटो संगणकावर नेऊन त्यांतील गुप्त नोंद वाचली, तेव्हां शटर एकतीस हजार वेळां उडाल्याचें निघालें. कंपनीनें शटरची चांचणी दीड लाख उडण्यांची केली आहे, म्हणून आम्ही मुकाट्यानें बसलों. तथापि जुना कॅमेरा घेणाऱ्यांनीं छातीवरील हातापेक्षां या नोंदीवर अधिक भरंवसा ठेवावा, हें बरें.

हा कॅमेरा हातांत घेतल्यावर प्रथम जाणवतें तें वजन. बॅटरी व कार्ड धरून ७६५ ग्रॅम; वर भिंगाचें निराळें. आमच्या धाकट्या वहिनींनीं तो उचलून "हा तर पाटा आहे" असा अभिप्राय दिला आणि फिरून त्यास हात लावला नाहीं. वजनाची तक्रार खोटी नाहीं. पण त्याच वजनामुळें हात कमी हलतो, हें आमच्या ध्यानांत नंतर आलें. फोन आपण हातभर दूर धरून पाहतों. हा डोळ्यास लावून पाहावयाचा असतो, आणि डोळा लावतांच बाजूचें घर नाहींसें होतें. त्या लहानशा खिडकींत जेवढें दिसतें तेवढेंच फोटोंत येतें. कांठावर कांहीं चोरून आंत शिरत नाहीं. स्वस्त कॅमेऱ्यांत लोलकाऐवजीं आरशांवर काम भागवितात, तेथें हीच खिडकी अंधारी व आंखूड लागते. आम्हांस विचाराल तर या कॅमेऱ्याची अर्धी किंमत या खिडकीची आहे.

सेन्सर २४.२ दशलक्ष बिंदूंचा. एवढे बिंदु घरगुती फोटोस लागत नाहींत, हें आम्ही प्रामाणिकपणें सांगतों. त्याचा आकार मात्र महत्त्वाचा: सुमारें २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान. त्यामुळें बाबांचें ५० चें भिंग येथें ७५ च्या भिंगाइतकाच देखावा दाखवितें. खोलींतील सगळीं माणसें त्यांत मावत नाहींत. भिंतीला पाठ लावून उभें राहिलें तरी मावत नाहींत. पण एका माणसाचा चेहरा टिपण्यास याहून सोयीचें अंतर नाहीं. आम्हांस एकच चेहरा हवा होता.

या सेन्सरपुढें बारीक रेघा पुसट करणारा पडदा कंपनीनें ठेवलेला नाहीं. त्यामुळें चित्र कातीव येतें. परंतु एके दिवशीं वहिनींची बारीक चौकड्यांची इरकली टिपली, तों तिच्यावर मुळांत नसलेल्या रंगीत लाटा उमटल्या. वहिनींचा यंत्राविषयींचा पहिला ग्रह त्यामुळें अधिकच दृढ झाला.

खरी परीक्षा गौरींच्या आरतीस झाली. समया आणि निरांजन यांखेरीज दिवा नको, असा आमच्या घरचा दंडक आहे. आम्हीं संवेदना ६४०० वर चढविली आणि फ्लॅश दाबून ठेवला. फोटोंत ज्वारीच्या पिठासारखा बारीक दाणा आला, नाहीं असें नाहीं. पण गौरींच्या मुखवट्यावरील तांबूस उजेड जसाचा तसा आला. पुतण्याच्या फोननें त्याच वेळीं घेतलेला फोटो आमच्याहून उजळ होता, हें कबूल केलें पाहिजे. आतांचे फोन लागोपाठ अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक बनवितात आणि अंधाराचा दिवस करतात. मात्र त्यांत आरती ओंवाळणारे हात पुसले गेले होते, आणि अंधार नसल्यामुळें समयाहि उगाच लावल्यासारख्या दिसत होत्या. बॅटरी तिन्ही दिवस एकदांहि भरावी लागली नाहीं. कंपनी एका भरणींत १११० फोटो सांगते; आमचा अनुभव त्यास सोडून नाहीं.

दोष सांगावयाचे तर पाठीमागील पडदा पक्का जखडलेला आहे; वर, खालीं, बाजूस वळत नाहीं, बोटानें शिवल्यास दाद देत नाहीं. त्या पडद्यावर पाहून फोटो घेऊं गेल्यास नेम धरण्यास इतका वेळ लागतो कीं मूल खोलींतून निघून गेलेलें असतें. चलच्चित्रांसाठीं तर हा कोणीं घेऊंच नये. २०१७ सालीं याच्या मागून डी ७५०० आला. त्यांत वळणारा पडदा आहे, वेगहि अधिक आहे. पण कंपनीनें तो देतांना दोन कार्डांपैकीं एक काढून घेतलें. आमच्या कॅमेऱ्यांत दोन कार्डें बसतात आणि प्रत्येक फोटो दोहोंवर उतरावा अशी आज्ञा त्यास देतां येते. तज्ज्ञांच्या तुलनेंत या सोयीस एक ओळ मिळते. आमच्या घरांत त्या ओळीचें मोल निराळें होतें.

आतां आत्याबाईंकडे वळतों. कॅमेरा घरांत आला त्याच संध्याकाळीं त्यांनीं तो निरखून पाहिला आणि विचारलें, "भिंतीवरचा काढायचाय ना माझा?" आम्ही गडबडलों. "मग मी गेल्यावर काढा. तेव्हां हलणारसुद्धां नाहीं."

यापुढें दोन महिने आत्याबाई आणि आम्ही यांच्यामध्यें एक मूक झगडा चालला. आरसा उडाल्याचा आवाज कानीं पडतांच त्या पदर तोंडावर ओढीत. या कॅमेऱ्यांत हळू आवाजाचा एक प्रकार आहे. त्यांत खटका दोन तुकड्यांत वाजतो, इतकेंच. आत्याबाईंचे कान त्याहून तीक्ष्ण निघाले. दुपारीं तीनच्या सुमारास त्या पश्चिमेच्या खिडकीशीं वाती वळीत बसतात. उजेड बाजूनें येतो, मागची भिंत सांवलींत असते; याहून चांगली जागा स्टुडिओंतहि मिळावयाची नाहीं. तेथें एकदां त्यांच्या नकळत आमचा फोटो साधला. मोठा करून पाहतों तों कानांतील कुडीचा मोती न् मोती स्पष्ट, आणि डोळे धुरकट! आम्हांस क्षणभर पंगतींतल्या काकू आठवल्या.

दोष आमचा असेल असें समजून आम्हीं आणखी वीस फोटो घेतले. प्रत्येकांत कुडीच स्पष्ट. अखेर पुतण्यानें वर्तमानपत्र टेबलावर तिरपें मांडून एका ओळीवर नेम धरला; स्पष्ट आली ती तिच्या मागील ओळ. जुनें भिंग आणि नवा कॅमेरा यांच्या हिशेबांत चिमूटभर फरक होता. असा फरक मिटविण्याची सोय या कॅमेऱ्याच्या यादींत आंत कोठेंतरी दडलेली आहे. उणें वीसपासून अधिक वीसपर्यंत आंकडे असतात आणि प्रत्येक भिंगाचा आंकडा कॅमेरा लक्षांत ठेवतो. बाबांच्या भिंगाचा आंकडा उणें सात निघाला. त्या दिवशीं वर्तमानपत्रांतील ती नेमकी ओळ स्वच्छ वाचतां आली तेव्हां आम्हांस जो आनंद झाला, तो त्या ओळींत वाढलेल्या वीजदराची बातमी असतांनाहि टिकला.

दुसऱ्या दिवशीं तीन वाजतां आम्ही लपलों नाहीं. सरळ आत्याबाईंसमोर पाट घेऊन बसलों व कॅमेरा मांडीवर ठेवला. त्यांनीं चारपांच वाती वळल्या. मग मान न उचलतां म्हणाल्या, "दादाचं भिंग ना तें? तांदुळांतलं?" आम्हीं होकार दिला. तेव्हां त्यांनीं हात थांबवून वर पाहिलें, आणि आम्हीं शटर दाबलें. पदर या वेळीं तोंडावर आला नाहीं.

पाठीमागील पडद्यावर आम्हीं तो फोटो त्यांना दाखविला व डोळ्यापाशीं मोठा केला. बुबुळांत खिडकीचे गज दिसत होते आणि गजांपुढें आमची लहानशी काळी आकृति. आत्याबाईंनीं चष्मा वर करून, खालीं करून तो दोनतीनदां पाहिला.

"आईसारखी दिसायला लागलें मी," त्या म्हणाल्या. नंतर थोड्या वेळानें, "दोन्ही कार्डांवर आहे ना?"

"आहे."

"मग जा आतां. तुझा काका सकाळपासून दाढी करून बसलाय, त्याचा काढ."

बाहेरच्या खोलींत काका खरोखरच इस्त्रीचा सदरा घालून खुर्चींत बसले होते. खुर्ची त्यांनीं आपण होऊन काकूंच्या फोटोखालीं ओढून घेतली होती.