मेख

मराठीत तंबू ठोकतात. पाल ठोकतात, राहुटीही ठोकतात. डेरा मात्र टाकतात किंवा देतात. या ठोकण्यात जमीन आहे, तिच्यात शिरणारी मेख आहे आणि मेखेच्या डोक्यावर बसणारा दगडाचा घाव आहे. 'त्यात एक मेख आहे' असे आपण म्हणतो तेव्हाही वरवर सरळ दिसणाऱ्या गोष्टीतला अडकवणारा खुंटाच दाखवायचा असतो. गेल्या हिवाळ्यात एकलहऱ्याला थोरल्या भावाच्या घरी जो तंबू आला तो ठोकायचा नव्हता, फुगवायचा होता. तंबू या नामाचे क्रियापद बदलले की आणखी काय काय बदलते, हे पाहण्याचे काम अनायासे माझ्याकडे आले.

पुतण्याने तो आंतरजालावरून मागवला होता. किंमत सात हजारांच्या आत, दोन माणसांची सोय, वजन २ किलो ६०० ग्रॅम, आणि खांब जोडण्याची कटकट नाही, असे एकंदर वर्णन होते. खांबांच्या जागी कापडी खोळीत बसवलेल्या दोन नळ्या. त्या माथ्यावर एकमेकींना छेदतात आणि आतून जोडलेल्या आहेत. एकच व्हॉल्व्ह, सोबत हातपंप. श्रावणात एका मित्राबरोबर हरिश्चंद्रगडावर हा तंबू न्यायचा, असा त्याचा बेत होता. भाऊ मला म्हणाला, "तू पंचवीस वर्षं डोंगर हिंडलास. नेऊ द्यायचा की नाही ते तूच बघून सांग." वस्तूचे परीक्षण हा एरवी हौसेचा मामला, इथे त्याच्या दुसऱ्या टोकाला एका एकवीस वर्षांच्या मुलाची भर पावसातली रात्र होती.

खरे म्हणजे सह्याद्रीत हिंडणाऱ्या मराठी माणसाला तंबूची पारख फारशी नाही, आणि त्याला कारण आहे. आमच्या पिढीने तंबू वापरलाच नाही. रतनगडावर गुहा, हरिश्चंद्रगडावर मंदिराभोवतीची लेणी, पायथ्याच्या गावात शाळेचा व्हरांडा, मारुतीचे देऊळ, नाहीतर कुणाची तरी ओटी. दगडातले छप्पर आयते मिळत असताना कापडाचे छप्पर पाठीवर वाहणार कोण? पुढे शनिवार-रविवारी गडांवर जत्रा भरू लागली, गुहेत पाय टाकायला जागा उरेना, तेव्हा तंबू आले. त्यामुळे बूट आणि दोर यांविषयी अधिकारवाणीने बोलणारे आमच्यात पुष्कळ सापडतील. तंबूविषयी बोलणारे बहुधा वेष्टनावरचा मजकूरच वाचून दाखवत असतात.

म्हणून मी आधी काटा आणला. पंप, मेखा, तणावे आणि पिशवी यांसह तंबू ३ किलो ४०० ग्रॅम भरला. जाहिरातीतले वजन खोटे नव्हते, फक्त ज्यांच्यावाचून तंबू उभाच राहत नाही त्या गोष्टी त्यात धरल्या नव्हत्या. याच किमतीत मिळणारा काठ्यांचा दोन माणसांचा तंबू अडीच किलोच्या आसपास असतो. म्हणजे 'हलका' हे विशेषण पहिल्याच दिवशी गळून पडले.

परंतु खरी अडचण वजनाच्या आकड्यात नव्हती, ती वजन कमी करण्याच्या रीतीत होती. हवेने ताठ केलेली नळी वाकायला कितपत विरोध करते हे दोन गोष्टींवर ठरते: आतला दाब आणि नळीची जाडी. पैकी जाडीचा प्रभाव घनाच्या पटीत असतो. दाब तोच ठेवून नळीचा व्यास अर्धा केला, तर तिची ताकद अर्धी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. जाड नळीला कापड जास्त लागते, कापड म्हणजे वजन. तेव्हा हलका तंबू करणारा नळी बारीक करतो. मग गेलेली ताकद भरून काढायला दाब वाढवावा लागतो, आणि वाढीव दाब पेलायचा तर कापड, शिवण, व्हॉल्व्ह सगळेच उत्तम प्रतीचे हवे. उत्तम प्रत म्हणजे पैसे. हवेचा तंबू हलका असू शकतो किंवा स्वस्त असू शकतो. दोन्ही एकदम असल्याचा दावा जिथे असेल तिथे नळी हातात धरून पाहावी. आमच्या तंबूची नळी जेमतेम मनगटाएवढी होती.

याच्या उलट टोकाचे उदाहरण माझ्या मनात होते. १९७० साली ओसाकाला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात युटाका मुराता या वास्तुविशारदाने फुजी समूहाचे दालन निव्वळ हवा भरलेल्या नळ्यांचे उभारले होते. सोळा कमानी, प्रत्येक नळीचा व्यास ४ मीटर. इतक्या जाड नळीला दाब अगदी माफक पुरतो. शिवाय वादळ आलेच तर तो वाढवण्याची सोय करून ठेवलेली होती. म्हणजे तिथे हवा एकदा भरून विसरून जायची गोष्ट नव्हती, तिच्याकडे कुणीतरी लक्ष ठेवून होते. (त्याच वर्षी एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. दोन्हींचा परस्परसंबंध काही नाही. पण गच्चीवर मनगटाएवढ्या नळीत हवा भरताना समोर त्या चिमण्या दिसतात आणि सन आपोआप आठवतो.)

रात्रीच्या परीक्षेसाठी गच्चीच निवडावी लागली. गोदावरीच्या काठी रान मोकळे आहे, पण दारणा आणि गोदावरीच्या या पट्ट्यातल्या उसात बिबट्यांचा वावर आहे, आणि कापडाच्या भिंतीआड झोपून आपण त्यांची परीक्षा पाहू नये. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी तापमान २४ अंश होते. पंपावरच्या मापकात ७ चा आकडा आला तेव्हा मी थांबलो. तंबू ढोलकीसारखा ताठ झाला होता. पहाटे पाचला जाग आली ती कपाळाला कापड लागले म्हणून. बाहेर ८ अंश. निफाडचे तापमान वर्तमानपत्रात येते ते दिवस. शेजारचा तालुका काकडला की एकलहरेही काकडते. मापक लावून पाहिले तर काटा सहाच्याही किंचित खाली.

नळी कुठेच गळत नव्हती. हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो, एवढेच झाले होते. गंमत अशी की सोळा अंशांच्या फरकाने एकूण दाब पाच-साडेपाच टक्केच उतरतो; पण मापक दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब, आणि तंबू उभा राहतो तोही त्या वरच्या दाबावरच. सगळी तूट त्या वरकड भांडवलातून जाते. त्यामुळे पाच टक्क्यांचे पंधरा टक्के होतात. जाड नळीला हे सोसते, बारीक नळी खांदे पाडते. एप्रिलच्या दुपारी नेमके उलटे करावे लागले. उन्हात ताणलेल्या नळीतून मधूनमधून हवा सोडायची, आणि रात्री पुन्हा भरायची. काठीला असली देखभाल लागत नाही. तिला दिवस आणि रात्र सारखेच.

तंबूची बाजूही मांडली पाहिजे, कारण तिला बाजू आहे. मे महिन्याच्या अखेरीस वळिवाच्या आधीचा वारा सुटला. चिमणीचा धूर आडवा झालेला पाहून मी मुद्दाम तंबू फुगवला. एका झोतासरशी त्याची कमान जवळजवळ जमिनीला टेकली आणि झोत सरताच उठून उभी राहिली. फायबरची स्वस्त काठी अशा वेळी उभी चिरते, तिच्या कुसळांनी कापड फाटते आणि हातही. हवा मोडत नाही. शिवाय उभारणीला घड्याळ लावून दोन मिनिटे लागली, आणि तीही भावाला. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तो जमिनीवर फार वेळ बसू शकत नाही, काठ्या खोळीत सरकवत तंबूभोवती रांगणे त्याच्याच्याने होणारे नाही. त्याने उभ्या उभ्या पंप मारला आणि घर उभे केले. त्या क्षणी त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

मात्र त्याच वाऱ्यात ती जुनी मेख वर आली. खांब गेले म्हणून ठोकणे गेलेले नसते. हवेचा तंबू उभा राहतो स्वतःच्या बळावर, जागेवर राहतो तो मेखांच्याच बळावर. उलट काठ्यांच्या तंबूपेक्षा त्याला तणाव्यांची गरज अधिक, कारण त्याच्या कमानी मऊ. सोबत आलेल्या मेखा तारेएवढ्या बारीक होत्या. गच्चीवर मी विटा बांधल्या. गडावर पाऊल खाली गेले की कातळ लागतो, तिथे दगडच बांधावे लागतील. 'खांब नाहीत' हे वाक्य वाचताना मनाने 'मेखाही नाहीत' असे परस्पर जोडून घेतलेले असते, आणि विक्रीचे सगळे कौशल्य त्या जोडून घेण्यावर उभे असते.

शेवटची परीक्षा मी पुतण्यासमोरच केली. त्याला आत निजायला सांगितले आणि बाहेरून व्हॉल्व्ह उघडला. चाळीस मोजेपर्यंत सबंध तंबू त्याच्या अंगावर आला. महाग तंबूंत नळ्यांचे कप्पे वेगवेगळे बंद करता येतात. एक फुटला तरी बाकीचे तग धरतात. इथे दोन्ही कमानींची हवा एकच. काठी मोडली तर तंबू लंगडतो, हवा गेली तर तो नाहीसाच होतो. कापडाखालून बाहेर येत पुतण्या म्हणाला, "पण काका, फुटेलच कशावरून?"

प्रश्न बरोबर होता, पण तो तसाच सोडून मी दुसऱ्या प्रश्नाच्या मागे लागलो: फुटल्यावर काय? महाराष्ट्रात पंक्चर काढणारा नाही असा नाका नसेल. नाशिकरोडच्या वाटेवरच्या एका दुकानात आतली नळी काढून नेली, तिला टाचणीने बारीक छिद्र पाडले होते. त्या माणसाने घमेल्यातल्या पाण्यात नळी बुडवली, बुडबुड्यावर बोट ठेवले, कोरडी करून बोटांत चोळून पाहिली आणि परत दिली. "हे रबर नाही, दादा. आपलं सोल्युशन याला धरणार नाही." तो खरे बोलत होता. या नळ्या पॉलियुरेथेनच्या असतात; सायकलच्या ट्यूबवर रबराचे ठिगळ एकजीव होते तसे ते यावर होत नाही. वेगळा डिंक लागतो, वेगळे ठिगळ लागते. तंबूसोबत त्यातले काहीच आलेले नव्हते.

याआधीच हा प्रश्न मला एकदा विचारला गेला होता, आणि फार नेमक्या शब्दांत. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे या भागात येतात. पीक निघालेल्या रानात शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतो. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार, रात्री मेंढ्यांभोवती वाघर, शेजारी ताडपत्रीचे पाल. भावाच्या स्नेह्यांच्या शेतात असा वाडा उतरला होता, आणि आम्ही दिवसाउजेडी तिथल्या मऊ जमिनीत मेखा ठोकून पाहत होतो. एक बाई बराच वेळ पाहत उभी होती. नळ्या फुगताना पाहून ती हसली, मग जवळ येऊन कापड चिमटीत धरून म्हणाली, "भाऊ, फाटलं तर शिवता येतं का?"

वर्षातले आठ महिने कापडाखाली काढणाऱ्या माणसाने तंबूविषयी विचारलेला तो पहिला आणि एकुलता एक प्रश्न होता. वजन नाही, किंमत नाही, उभारायला किती वेळ तेही नाही. तिच्या पालावरच्या ताडपत्रीला चार जागी दाभणाने घातलेले टाके होते आणि आडव्या काठीला सुतळीने बांधलेली जोडकाठी होती. ते घर तिच्या हातांना येत असलेल्या कामांनी दुरुस्त होत होते. हवेच्या तंबूंची जिथे खरी कर्तबगारी दिसली तिथेही गोष्ट फारशी वेगळी नाही. ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानात मानसेहरा इथे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने फुगवण्याच्या तंबूंचे रुग्णालय उभे केले, आणि पडझडीच्या मुलखात अल्पावधीत शस्त्रक्रियेची जागा मिळाली. पण अशा छावणीत तंबू एकटा येत नाही; हवा भरणारी यंत्रे आणि ती चालवणारी माणसे सोबत येतात. हवा वाईट आहे असे नाही. ती सांभाळणारे कुणीतरी हाकेच्या अंतरावर लागते, आणि श्रावणातल्या धुक्यात गडाच्या माथ्यावर ते नसते.

हेच मी भावाला सांगितले. पुतण्याने वाद घातला, योग्य डिंक मागवतो म्हणाला. मी विचारले, पावसात ओली नळी रात्री दोन वाजता कोरडी कशाने करशील? त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग मित्राला फोन लावला.

श्रावणात ते दोघे गेले ते मित्राचा काठ्यांचा तंबू घेऊन. सॅकमध्ये वीतभर लांबीचा पाइपचा तुकडा होता, मोडल्या काठीवर सरकवायला, आणि दाभण व सुतळी. हवेचा तंबू एकलहऱ्यालाच राहिला. उकाड्याच्या रात्री भाऊ तो गच्चीवर फुगवतो, कोपऱ्यांना चार विटा बांधतो आणि पंप उशाशी ठेवून झोपतो.