शेकरूची वाट

मैत्रिणींनो, भीमाशंकरला दर्शनाला गेलात, तर परतताना घटकाभर मान वर करून झाडांकडे बघा हं! झुपकेदार शेपटीचं तांबूस शेकरू दिसलं तर तुमचं नशीब. ही मोठी खार म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तिच्या रक्षणासाठी १९८५ साली इथलं सुमारे १३० चौरस किलोमीटर रान अभयारण्य झालं.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. जांभूळ, आंबा, हिरडा यांच्या फांद्यांवरून उड्या मारतच त्याचा सारा संसार चालतो. घरटीसुद्धा एकाहून जास्त, आणि तीही बारीक फांद्यांच्या टोकाशी, म्हणजे जड शत्रू तिथवर पोचायला नको. आहे की नाही हुशारी!

आता मधलंच एखादं झाड तोडलं तर? ‘एवढ्या रानात एकानं काय होतंय?’ असं आपल्याला वाटतं. पण शेकरूची वाटच तुटते हो! शाळेत मी मुलींना सांगते, नुसती झाडं मोजू नका, फांदीला फांदी भिडते का ते पाहा.

तेव्हा सहलीत चहाच्या चुलीसाठी कुणी फांदी तोडू लागलं, तर त्याला खुशाल अडवा. चहा आपला घरूनच थर्मासमध्ये भरून न्यावा!