गाडीत आधी कोण बसलं?

आई संध्याकाळी सात ते आठ दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. मागच्या पावसाळ्यात रोज सव्वासातला तेच सुरू व्हायचं. "मॅडम, आवाज तुटतोय." आई वाक्य पुन्हा म्हणायची. मग पुन्हा. महिन्याभरात दोन मुलं गळाली. मी तिला सांगायचो, लॅपटॉप राउटरजवळ घे, कॅमेरा बंद कर. मुलगा सॉफ्टवेअर इंजिनीअर, त्यामुळे ती निमूट ऐकायची. पन्नास एमबीपीएसचा प्लॅन शंभरचा केला. फरक शून्य.

शेवटी एका संध्याकाळी पिंग लावून बसलो. पावणेसातला उत्तर आठ मिलिसेकंदांत येत होतं. सातनंतर नऊशे, मग बाराशे. असं काय सुरू होत होतं सातला?

माझा बॅकअप. दिवसभराचं सगळं क्लाउडवर चढवणारा. सातची वेळ मीच लावलेली, कारण तेव्हा माझं काम संपतं.

बदलापूरकरांना हे चटकन कळेल. सकाळी इथून सुटणारी लोकल फलाटाला लागते तेव्हाच भरलेली असते. उल्हासनगर-अंबरनाथची मंडळी डाउन गाडीने उलटी येऊन आधीच जागा धरून बसलेली असतात. राउटरमध्येही पॅकेटांना थांबायला अशी जागा असते, बफर. तिथे माझ्या बॅकअपची पॅकेटं आधीच बसलेली. आईच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट मागे ताटकळत.

खरं तर यावर इंटरनेटकडे जुना उपाय आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ हजार बिट्सवरून सेकंदाला ४० बिट्सवर कोसळला. अंतर किती? चारशे यार्ड, साधारण दीड लोकलगाडीच्या लांबीइतकं. तारा शाबूत होत्या, पण जो तो गर्दीत आणखी पॅकेटं ढकलत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली उपाय मांडला: पॅकेट हरवलं की गर्दी आहे असं समजायचं, आपला वेग एकदम कमी करायचा, मग हळूहळू वाढवायचा. वर कुणी पोलीस नाही. प्रत्येकाने आपणहून मागे सरकायचं. १९९२ साली जुहूच्या एनसीएसटीमधून आपल्या शैक्षणिक संस्थांचं अर्नेट अमेरिकेला जोडलं गेलं ते ६४ केबीपीएसच्या लाइनने. आजचा तीन एमबीचा एक फोटो तिथून जायला सहा मिनिटं लागली असती. एवढ्या चिंचोळ्या वाटेवर अनेकांना चालायचं तर ही शिस्त हवीच.

मग माझा बॅकअप मागे का सरकला नाही? कारण त्याचं पॅकेट हरवतच नव्हतं. मेमरी स्वस्त झाली तशी उपकरणांतली बफरं ऐसपैस झाली. पॅकेट हरवत नाही, नुसतं रांगेत पडून राहतं. पाठवणाऱ्याला वाटतं, सगळं आलबेल आहे. याला बफरब्लोट म्हणतात. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि याच जेकबसन यांनी 'कोडेल' आणलं. ते रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतं. थांबणं शंभर मिलिसेकंद सलग पाचच्या वर राहिलं, की एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देतं. पाठवणाऱ्याला इशारा मिळतो: सरक.

आमच्या राउटरमध्ये ती सोय होती, बंद ठेवलेली. मी ती सुरू केली आणि वेग नव्वदवर बांधला, म्हणजे रांग लागलीच तर माझ्या राउटरमध्ये लागेल, पुढे कुठे नाही. त्या संध्याकाळी बॅकअप चालू असतानाही पिंग पंधराच्या आत राहिला. आईचं प्रमेय एका दमात पूर्ण झालं.

शिकवणी संपल्यावर तिला सगळं सांगितलं. म्हणजे दोन मुलं माझ्यामुळे गेली, हेही.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि मी महिनाभर आरशासमोर बसून सावकाश, मोठ्याने बोलायचा सराव करत होते."

गर्दी करणाऱ्याला गर्दी जाणवत नाही. त्याची गाडी वेळेवर सुटलेली असते, बसायला जागाही मिळालेली असते.