समुद्राचा नकार

वेंगुर्ल्याच्या आमच्या भाड्याच्या घराला पश्चिमेकडे एक लहानशी पडवी होती. वडील तेथे शिक्षक होते. रात्रीची जेवणे आटोपली की दादा आणि मी त्या पडवीत बसून क्षितिजावर लुकलुकणारा एक दिवा पाहत असू. क्षणभर उजेड, मग काळोख, पुन्हा उजेड. तो दिवा भर समुद्रातल्या खडकांवरच्या दीपगृहाचा आहे, इंग्रज त्या खडकांना ‘बर्न्ट आयलंड्स’ म्हणजे जळकी बेटे म्हणत आणि तेथल्या गुहेत पाखरे राहतात, एवढे वडिलांनी सांगितले होते. ‘मोठा झालो की मी तेथे जाणार’, असे दादा दर आठवड्याला जाहीर करी. पुढे वडिलांची बदली घाटावर झाली, दादा बँकेत लागला, मी वैद्यकीला गेलो आणि तो दिवा आमच्या बोलण्यातूनही मावळला.

गेल्या वर्षी दादाची बायपास झाली. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. वर्षभरानंतरच्या तपासण्या समाधानकारक होत्या, रोज तीन किलोमीटर चालूनही त्याला त्रास होत नव्हता. तरीही जिना चढायचा म्हटले की त्याचा हात आपोआप छातीकडे जाई. लग्नकार्ये त्याने टाळली, गावाला जाणे सोडले. अशी माणसे माझ्या दवाखान्यात मी नेहमी पाहतो. हृदयाची दुरुस्ती होते, पण हृदयावरचा विश्वास परत यायला अधिक काळ लागतो. अखेर मी त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला, त्यांनी संमती दिली, आणि माघातल्या एका संध्याकाळी आम्ही पाच जण निवतीला पोहोचलो: दादा, वहिनी, माझी पत्नी, माझी मुलगी आणि मी.

निवती हे वेंगुर्ले तालुक्यातले मच्छीमारांचे गाव. टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष, पायथ्याशी माडांची दाटी आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. आम्ही केवळ आमच्या कुटुंबापुरती एक यांत्रिक होडी ठरवली होती. दादाला गर्दी नको होती, आणि वाटेल तेव्हा परत फिरता यावे, असा माझाही विचार होता. तांडेल साठीच्या घरातला. फोनवर त्याने माणसे किती हे विचारण्याआधी तिथीच सांगितली होती. ‘फाल्या सष्टी. पाटे साडेचाराक भरती, साडेधाक सुकती. सातांक निघूया.’

त्याचा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. षष्ठीचे सहा, त्यांची पाऊणपट साडेचार. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. दररोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. गुहेपाशी जायचे तर भांगाचे दिवस आणि उतरते पाणी बरे, हे त्याने गृहीतच धरले होते.

सकाळी मी सर्वांना बोट लागू नये म्हणून गोळ्या दिल्या. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते. होडीत ते सांगते की आपण हलतो आहोत, आणि होडीच्या फळ्यांवर खिळलेले डोळे सांगतात की काहीच हलत नाही. या विसंगतीतून मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्यावी लागते, उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. पोट रिकामे नसावे आणि जडही नसावे. हे सारे मी पत्नीला सविस्तर समजावले. मग स्वतः गोळी न घेता चार आंबोळ्या आणि वाटीभर उसळ खाऊन मी निघालो.

धक्क्यावरच तांडेलाने प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट चढवले आणि पट्टे स्वतः ओढून पाहिले. छातीच्या व्रणावर काचते म्हणून दादा कुरकुरला. तांडेलाने पट्टा जरा सैल करून दिला, जॅकेट मात्र काढू दिले नाही. दादा गप्प बसला, कारण १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती हकीकत आम्ही वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकली होती.

पहाटेचे मतलई वारे अजून वाहत होते. पाणी तेल ओतल्यासारखे गुळगुळीत, पण त्याखाली एक संथ उंचसखल हालचाल होती. होडी सावकाश चढे, सावकाश उतरे. सूर्य पाठीशी होता. दादा मधल्या फळीवर, जिथे हेलकावा सर्वांत कमी बसतो तिथे, दोन्ही हातांनी कड धरून बसला होता. अर्ध्या वाटेवर डाव्या हाताला तीन-चार डॉल्फिनच्या पाठी पाण्याबाहेर आल्या आणि गेल्या. मुलगी ओरडली, ‘काका, तिकडे!’ बोट दाखवण्यासाठी दादाने एक हात सोडला, आणि तो पुन्हा कडेला नेला नाही. मी हे मुकाट्याने पाहिले.

पाऊण तासाने खडक जवळ आले. दुरून एकच वाटणारे ते बेट प्रत्यक्षात लहानमोठ्या खडकांचा पुंजका आहे. झाड म्हणून नाही. कडे काळपट, त्यांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ, आणि माथ्यावर ते दीपगृह. दादा मान वर करून कितीतरी वेळ पाहत राहिला. ‘दिवसा अगदीच साधे दिसते रे’, एवढेच म्हणाला, पण त्याचे डोळे ओलावले होते.

गुहा पाण्याच्या पातळीलाच उघडते. तिच्या काळोख्या तोंडातून लहान, करडी पाखरे बाणासारखी सुटत आणि परतत होती. ह्या भारतीय पाकोळ्या. त्या आपल्या लाळेने घरटे बांधतात आणि त्यात काडीकचरा व पिसे मिसळतात. गुहेच्या काळोखात वाट काढण्यासाठी त्या टक्‌टक् असा आवाज करतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंतीचा अंदाज घेतात. वटवाघळांचा तसला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पाकोळ्यांचा येतो. पक्षितज्ज्ञ हुमायूं अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास येथल्या पाकोळ्यांविषयी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले होते. पुढे खाद्य म्हणून परदेशात किंमत येते या लोभाने ही घरटी चोरली गेली, आणि ती थांबवण्यासाठी निसर्गप्रेमींना येथे राखण करावी लागली.

तांडेलाने इंजिन मंद केले आणि गुहेपासून बऱ्याच अंतरावर होडी धरून ठेवली. मग तो काहीच करीना. नुसता गुहेच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. पाणी शांत होते. पाच मिनिटांनी मी म्हटले, ‘चला ना आत.’

‘आज नको’, तो म्हणाला. ‘गुहा खंय पळान जाणा नाय. दर्या आज नको म्हणता.’

मला ते पटेना. आम्ही एवढ्या लांबून आलो होतो. दादाने पन्नास वर्षे हे मनात धरले होते. मी म्हणालो, फक्त तोंडापर्यंत न्या. मग म्हणालो, पाचच मिनिटे. मग, ठरल्यापेक्षा जास्त पैसे देतो. आणि अखेरीस, सांगायला संकोच वाटतो, मी म्हणालो, ‘मी डॉक्टर आहे. काही झाले तर जबाबदारी माझी.’

तो रागावला नाही. ‘डाक्टरानू, हय जबाबदारी माजी. धा मिन्टां बगा, मगे बोला.’

आम्ही पाहत राहिलो. साधारण आठव्या मिनिटाला, वारा नसताना, बाहेरून पाण्याच्या तीन लांब वळ्या एकामागोमाग आल्या. होडीखालून त्या नुसत्या सरकून गेल्या. गुहेच्या तोंडाशी मात्र दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात, तेथे पाणी दाटले, चढले आणि कमान जवळजवळ बुजली. आत कोंडलेल्या हवेचा तोफेसारखा धडाका झाला आणि फेसाचा लोट बाहेर फेकला गेला. मग पुन्हा सारे शांत. आम्ही आत असतो तर त्या वेळी नेमके कोठे असतो, हे कोणालाही विचारावे लागले नाही.

दूरच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा शेकडो किलोमीटर प्रवास करून येतात, म्हणून येथे हवा पडलेली असतानाही समुद्र हलत असतो. त्या घोळक्याने येतात, आणि दोन घोळक्यांच्या मधली शांतता फसवी असते. हे मी कधीतरी वाचले होते. तांडेलाने ते आयुष्यभर पाहिले होते.

त्या क्षणी मला खुर्चीची अदलाबदल झाल्यासारखे वाटले. ‘एक इंजेक्शन द्या, उद्या कामावर जायचे आहे’, ‘सलाईन लावाच, पैशांचे बघू नका’, ‘आमची जबाबदारी, लिहून देतो’ ही वाक्ये मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. ती आज माझ्याच तोंडून निघाली होती.

आणि एक गृहस्थ आठवले. बरीच वर्षे झाली. दोन दिवस छातीत जडपणा, हृदयालेख शंकास्पद. आजच शहरात दाखल व्हा, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, उद्या मुलीचा साखरपुडा, एक दिवस गोळ्यांवर भागवा. मी पुन्हा एकदा नको म्हटले, आणि मग गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी मांडवातच ते कोसळले, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सर्व संपले होते. त्यांच्या घरच्यांनी मला दोष दिला नाही. ‘डॉक्टरांनी सांगितले होते, आम्हीच ऐकले नाही’, असेच ते म्हणत राहिले. पण मी कसे सांगितले होते, ते मला ठाऊक आहे. बाहेर गर्दी होती. पुढच्या रुग्णाचा कागद हातात घेऊन, अर्ध्या मिनिटात. तांडेलाने मला दहा मिनिटे दिली होती, आणि नकाराचे कारण माझ्या डोळ्यांना दाखवले होते.

आम्ही बेटांना एक फेरी घातली. गुहेपासून दूर थांबून, इंजिन मंद ठेवून पाखरांची ये-जा पाहिली. आमचे आत न जाणे त्यांच्याही हिताचेच होते. परतताना वायव्येचा वारा सुटला, होडी आदळू लागली आणि चार आंबोळ्यांनी आपला हिशेब मांडला. गोळी न घेतलेला एकमेव प्रवासी मी. दादाने एका हाताने माझी पाठ धरली आणि सांगितले, ‘क्षितिजाकडे बघ. तूच सांगितलेस ना?’ मग हळूच म्हणाला, ‘मला वाटले होते, मी घाबरेन. घाई मात्र तुलाच होती.’ बायपासनंतर तो असा मोकळेपणाने हसल्याचे मी प्रथमच पाहिले.

ज्यांना कुटुंबासह अशी होडी ठरवायची आहे, त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे. पावसाळ्यात हा विचारही करू नये. माघ-फाल्गुनातल्या सकाळी निघावे आणि वारा चढण्यापूर्वी परतावे. लाईफ जॅकेट मापाचे व बांधलेले असावे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट घातले तर पाण्यात ते वर सरकून निसटते. हृदयरोग्यांनी प्रकृती स्थिर असताना आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावे, नेहमीच्या गोळ्या चुकवू नयेत आणि जिभेखालची गोळी कोरड्या डबीत खिशात ठेवावी. मधुमेहींनी उपाशी निघू नये, साखर जवळ बाळगावी. बोट लागण्याच्या गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा कंपवात असणाऱ्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. टोपी आणि पिण्याचे पाणी हवेच. आणि होडी केवळ आपल्यासाठी ठरवली असली, तरी तिची दिशा ठरवण्याचा अधिकार तांडेलाचा, हे निघण्यापूर्वीच घरातल्या सर्वांनी मान्य करावे.

दवाखान्यात परतल्यावर मी एक लहानसा बदल केला. ज्या रुग्णाला नाही म्हणायचे, त्याच्या वेळी हातातला पुढचा कागद खाली ठेवतो, हृदयालेख त्याच्यासमोर पसरतो आणि बोट ठेवून दाखवतो. बाहेरची गर्दी कुरकुरते. काही रुग्ण तरीही ऐकत नाहीत. पण ‘नाही’ म्हणताना आता माझी नजर दाराकडे जात नाही.

परवा रात्री दादाचा फोन आला. मी धसकून उचलला. तो तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर होता, जिना चढून गेलेला, किंचित धापत, पण मजेत. म्हणाला, ‘पंचांग आहे का जवळ? पुढच्या माघात षष्ठी कोणत्या वारी येते, बघून सांग.’