झोपलाय की गेलाय?

टेबलावरच्या मोडेमला मी 'एटी' एवढी दोन अक्षरं पाठवतो. 'ओके' आलं नाही, की प्रश्न पडतो: हा झोपलाय, बंद पडलाय, की अडकलाय? मोडेमचा ड्रायव्हर लिहिणं म्हणजे माझ्या लेखी या प्रश्नाचं उत्तर शोधणं.

कमी विजेवर चालणारा मोडेम बहुतेक वेळ झोपलेलाच हवा. पीएसएम म्हणजे पॉवर सेव्हिंग मोडमध्ये तो नेटवर्कवरची नोंदणी न सोडता गाढ झोपतो, काही मायक्रोअँपियरवर जगतो. किती वेळ जागं राहायचं आणि किती वेळाने हजेरी लावायची, हे दोन टायमर आठ-आठ बिटांत मागायचे असतात. पहिले तीन बिट एककाचे, पुढचे पाच आकड्याचे. पण दोन्ही टायमरांची एककं वेगळी आहेत. ०१० हे एकक जागरणाच्या टायमरात सहा मिनिटांचं, हजेरीच्या टायमरात दहा तासांचं.

मी दोन्हींसाठी एकच तक्ता वापरला होता. एक तास मागायचा म्हणून ०१००१०१० पाठवलं, मागितले गेले १०० तास. हा मोडेम असलेलं पाण्याच्या टाकीवरचं माझं यंत्र तासाला हजेरी लावेना, म्हणून मेलं समजून मी काढून आणलं. ते नुसतं झोपलं होतं. नेटवर्कने काय मंजूर केलं हे मोडेम 'सीईआरईजी' या आदेशाच्या उत्तरात सांगतो. ते मी वाचलंच नव्हतं. मागितलेलं आणि मिळालेलं एकच असेल, असं आता मी कधीच धरत नाही.

झेफर ही छोट्या यंत्रांसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम २०१६ पासून खुली आहे. तिथे लिहिलेला ड्रायव्हर कुणाच्या बोर्डावर चालेल, ते लिहिणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे पॉवर-कीची मला फार धास्ती वाटते. कित्येक मोडेममध्ये ती दाबली की बंद मोडेम चालू होतो आणि चालू असलेला बंद. झोपलेलाही तिनेच उठतो. म्हणजे आधी स्थिती कळली पाहिजे. अंदाजाने पॉवर-की दाबणारा ड्रायव्हर चालता मोडेम पाडतो, आणि पुन्हा नेटवर्क शोधण्यात बॅटरी जाते.

स्थिती सांगणारी पिन बहुतेक मोडेमवर असते. बोर्ड आखणाऱ्यांनो, ती मोकळी सोडू नका. एवढी एक तार प्रोसेसरपर्यंत आणा.