मांडीवरचा खेळ

खेळ आणि खेळाची जागा हे दोन निराळे प्रश्न आहेत, ही गोष्ट खेळणारांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. सारीपाट कापडाचा असे. डाव मोडला कीं त्याची घडी घालून ती कोनाड्यांत ठेवतां येई, आणि पुढच्या वेळीं ओसरीवर, माजघरांत किंवा गच्चीवर, मन मानेल तेथें तो पुन्हां अंथरतां येई. उलट कॅरमचा फळा एकदां मांडला कीं माणसांनींच त्याच्याभोंवतीं येऊन बसलें पाहिजे. पहिला खेळ माणसाच्या मागून जातो. दुसऱ्याच्या मागून माणसाला जावें लागतें. मध्यंतरीं आमच्या घरीं चार दिवस जो वाद चालला होता, तो वरवर पाहतां यंत्रांचा होता. परंतु त्याच्या मुळाशीं हाच भेद होता, असें आम्हांस वाटतें.

वाद असा. घरांत एक नवा संगणक घ्यावयाचा होता. कामाचें म्हणाल तर पत्रें लिहिणें, विजेचें बिल भरणें, मुलांचा अभ्यास, एवढेंच. त्याखेरीज जो उपयोग होता तो खेळाचा. खेळही कसला, तर घटकाभर मन रमविण्याचा. पैसे एकाच यंत्रापुरते होते. तेव्हां तें टेबलावर कायमचें ठाण मांडून बसणारें, म्हणजे डेस्कटॉप, असावें, कीं मांडीवर घेऊन हिंडतां येणारें, म्हणजे लॅपटॉप, असावें, इतकाच प्रश्न होता. एका अर्थीं तो क्षुल्लक खरा. परंतु मध्यम स्थितींतील कुटुंबांत पन्नास-साठ हजारांची वस्तु वारंवार येत नाहीं, आणि आली म्हणजे ती सहा-सात वर्षें एखाद्या आप्तासारखी घरांत राहते. तिनें कोठें बसावें हें ठरवितांना, घरांतील माणसें कोठें बसतात याचा विचार करणें भाग पडतें.

चिरंजीव डेस्कटॉपचे कैवारी होते, आणि त्यांचा युक्तिवाद पोरकट म्हणून झटकून टाकण्याजोगा नव्हता. पहिला मुद्दा असा कीं, सारख्याच पैशांत डेस्कटॉप अधिक बळकट मिळतो. त्याच्या पेटींत हवा खेळावयास जागा असते, मोठे पंखे बसतात, त्यामुळें आंतील यंत्र तापून मंदावत नाहीं. लॅपटॉपच्या बोटभर जाडीच्या देहांत ती सोय कोठून असणार? तो तापला म्हणजे जळूं नये म्हणून आपली गति आपणच कमी करतो. दुसरा मुद्दा नांवांच्या सारखेपणाचा. एनव्हिडिया कंपनीचें २०२३ सालीं निघालेलें 'आरटीएक्स ४०७०' हें चित्रें उमटविणारें कार्ड दोन्ही प्रकारच्या यंत्रांसाठीं निघालें. परंतु डेस्कटॉपमधील कार्डास स्वतःची १२ जीबी मेमरी असून तें २०० वॉटपर्यंत वीज घेऊं शकतें, तर त्याच नांवाच्या लॅपटॉपमधील कार्डास मेमरी ८ जीबी व विजेचा शिधाही पुष्कळच कमी. "नांव सारखें म्हणून नातें सख्खें नव्हे, बाबा," असें चिरंजीवांनीं आम्हांस बजाविलें. तिसरा मुद्दा दुरुस्तीचा. डेस्कटॉपचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो. आज मेमरी वाढवावी, दोन वर्षांनीं कार्ड बदलावें, असा संसार हप्त्याहप्त्यानें चालवितां येतो. लॅपटॉपांत पुष्कळ भाग मुख्य पाटीवरच डाख देऊन बसविलेले असतात. तेथें एक रुसला कीं सगळ्यांचेच पाय धरावे लागतात.

हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. ज्यानें खेळ हेंच व्रत मानलें आहे, ज्याला रात्रीच्या रात्री पडद्यावरील लढायांत घालवावयाच्या आहेत, त्यानें डेस्कटॉपच घ्यावा असें आम्हीही सांगूं. परंतु आमच्या घरांतील खेळ त्या जातीचे नव्हेत. पत्त्यांचा एकट्यानें मांडावयाचा डाव, बुद्धिबळ, सुरुंग चुकविण्याचा 'माइनस्वीपर', आणि कन्येच्या आवडीचा, एका माणसानें एकट्यानें रचिलेला, २०१६ सालचा 'स्टारड्यू व्हॅली' नांवाचा शेतीवाडीचा खेळ, हीच आमची मिरास. यांपैकीं पत्त्यांचा डाव १९९० सालीं 'विंडोज ३.०' बरोबर घरोघर गेला. त्यांतील पत्त्यांचीं चित्रें सुझन केअर या चित्रकर्तीनें काढलीं होतीं, आणि माऊस धरून वस्तु इकडून तिकडे ओढण्याचा सराव असंख्य लोकांना त्या डावानेंच झाला. 'माइनस्वीपर' १९९२ सालच्या 'विंडोज ३.१' बरोबर आला. त्या काळच्या यंत्रांना जे खेळ जड गेले नाहींत, त्यांच्यासाठीं आज २०० वॉटांचें कार्ड घेणें म्हणजे तुळशीला पाणी घालावयास प्रवरेचा कालवा अंगणांत वळविण्यासारखें आहे.

लॅपटॉपच्या बाजूनें आम्हीं प्रथम विजेचा मुद्दा मांडला. संगमनेरांत राहणाराला विजेचा विचार सहज सुटत नाहीं. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रांतील लहान गांवांनीं भारनियमनाचे जे लांबलचक तास काढले, त्यांची आठवण आमच्या पिढीच्या हाडांत आहे. आतां तशी स्थिति राहिली नाहीं. तरी वळवाचा वारा सुटला कीं दिवे अजूनही डोळे मिचकावतात. डेस्कटॉपला अशा वेळीं निराळ्या बॅटरीपेटीचा टेकू द्यावा लागतो. लॅपटॉप आपली शिदोरी बरोबर बाळगतो. ५० वॉट-तासांची बॅटरी असली आणि साध्या कामास तासाला दहा-बारा वॉट-तास लागले, तर चार तासांची बेगमी होते. मात्र भारी खेळानें तीच शिदोरी तासाभरांत फस्त होते, हें चिरंजीवांनीं लगेच जोडलें. आणि तें आम्हांस कबूल करावें लागलें.

परंतु आमचा निर्णय विजेनें झाला नाहीं. तो झाला एका टिपणवहीनें. वाद मिटेना तेव्हां आम्हीं आठवडाभर, कोणास न सांगतां, घरांतील फावल्या वेळाची नोंद ठेविली. आमचा स्वतःचा फावला वेळ सायंकाळीं सहापासून आठपर्यंत, अखंड, दिवाणखान्यांतील आरामखुर्चींत. चिरंजीवांचा कॉलेजांतून आल्यापासून जेवणाची हांक येईपर्यंत, हाही दिवाणखान्यांतच. कन्येचा पहाटे अभ्यास उरकल्यावर अर्धा तास, माळ्यावरच्या खोलींत. आणि घरच्या मंडळींचा? सकाळीं कुकर चढल्यावर शिट्ट्या होईपर्यंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं. दुपारीं वाळवणावर नजर ठेवीत मागच्या पडवींत. रात्रीं विरजण लागल्यावर, निजण्यापूर्वीं, दहा मिनिटें. या तुकड्यांची बेरीज केली तेव्हां ती सव्वा तास भरली. परंतु सलग पंचवीस मिनिटें एकदांही नाहींत, आणि दिवाणखान्यांत तर एकही मिनिट नाहीं.

फावला वेळ घरांत सर्वांस सारखा वांटलेला नसतो, हें आम्हीं वाचलें होतें, इतरांस सांगितलेंही होतें. पण तें आपल्याच घरच्या चार स्तंभांत मांडलेलें पाहणें निराळें. टेबलावरचें यंत्र म्हणतें, 'ज्याला फुरसत असेल त्यानें माझ्याकडे यावें.' आमंत्रण सर्वांना सारखें आहे. परंतु ज्याची फुरसत त्या टेबलापाशींच उगवते आणि तेथेंच मावळते, त्यालाच तें पोंचतें. कन्येला विचारलें तेव्हां तिनें ही गोष्ट आमच्या स्तंभांहून थोडक्यांत सांगितली. ती म्हणाली, "डेस्कटॉप आला तर तो दादाचाच होईल, बाबा. मला कोणी नको म्हणणार नाहीं. पण खुर्चीवर दादा असेल."

वास्तविक प्रवरा-म्हाळुंगीच्या संगमावरील आमच्या गांवास मांडीवरच्या साधनाची ओळख नवी नाहीं. संगमनेर हें विड्यांच्या धंद्याचें जुनें ठिकाण. टेंभुर्णीचीं पानें आणि तंबाखू ठेवलेलें सूप मांडीवर घेऊन येथील बाया पिढ्यान् पिढ्या विड्या वळीत आल्या आहेत. थंडींत उन्हाच्या कवडशांत, उन्हाळ्यांत सावलीच्या पट्ट्यांत, एक डोळा चुलीवर आणि एक पाळण्यावर ठेवून. बाईला घर सोडतां येत नाहीं म्हणून कामच तिच्या मागून घरांत आलें आणि मांडीवर येऊन बसलें. काम आलें, खेळ मात्र कधीं आला नाहीं. पुरुषांचा बुद्धिबळाचा पट ओसरीवर तासन् तास मांडलेला असे, आणि आंतून त्याला चहा जात असे.

संगणकालाही मांडीवर यावयास वेळ लागलाच. १९८१ सालीं 'ऑस्बोर्न १' नांवाचें हातीं नेण्याजोगें यंत्र निघालें, तें सुमारें ११ किलो वजनाचें होतें आणि त्याचा पडदा अवघा ५ इंचांचा होता. त्याला मांडीवर घेणें म्हणजे मांडीचीच परीक्षा. पुढच्याच वर्षीं 'ग्रिड कंपास' निघाला, आणि पुस्तकासारखें मिटणारें रूप यंत्राला लाभलें. आज दीड-पावणेदोन किलोंत तें सारें बसतें. वजन उतरलें याचें कौतुक व्यापारी व प्रवासी लोकांनीं केलें. आम्हांस वाटतें, तें पडवींत बसणारांनींही करावें.

आमच्या एका स्नेह्यांनीं मात्र एक गंभीर आक्षेप घेतला. दिवाणखान्यांतील यंत्र चारचौघांच्या नजरेखालीं असतें; कोपऱ्यांत नेतां येणारें यंत्र मुलांना कोणत्या नादास लावील याचा नेम काय? ही भीति पोकळ नव्हे. खेळाच्या नांवाखालीं जुगार घरांत शिरल्याचे प्रकार इतके वाढले कीं, ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेला कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालावी लागली. कायद्यानें वेशीचा दरवाजा लावला तरी घराची कडी घरच्यांनींच लावावयाची असते. आम्हीं एकच नियम केला: गादीवर यंत्र न्यावयाचें नाहीं. गादी-रजईनें लॅपटॉपचीं खालचीं हवेचीं छिद्रें बुजतात व तो तापतो, हें त्याचें यांत्रिक कारण. आणि अंथरुणांत शिरलेला खेळ रात्र खातो, हें दुसरें. एका नियमानें यंत्र आणि माणूस दोन्ही थंड राहतात, असा आमचा अनुभव आहे.

अखेर पुणें-नाशिक रस्त्यावरील एका दुकानांतून आम्हीं लॅपटॉप आणला. निराळें कार्ड नसलेला, १६ जीबी मेमरीचा, ५१२ जीबी साठ्याचा. पाहून घेतलें तें इतकेंच कीं, मेमरी पुढें वाढवितां यावी आणि वजन घरांतील सर्वांना एका हातानें उचलतां यावें. चिरंजीवांच्या मनांतील कांहीं खेळ त्यावर चालत नाहींत, कांहीं चालतात ते चित्रांचा तपशील कमी करून. ही उणीव खरी आहे आणि ती त्यांच्या वांट्यास आली आहे. तिच्याबद्दल त्यांना दोन शब्द बोलावयाचा हक्क आहे, व ते तो बजावीत असतात. तथापि पुण्यांतील 'नॉडिंग हेड्स' या मंडळींनीं २०२० सालीं काढलेला 'राजी' हा खेळ ते अलीकडे बहिणीबरोबर पाळीपाळीनें खेळतात. त्यांत एक लहान मुलगी हरवलेल्या भावाला सोडवावयास असुरांशीं लढते. ती लढाई आमच्या दिवाणखान्यांत अर्धी होते आणि माळ्यावर अर्धी.

टिपणवही आम्हीं अद्याप बंद केलेली नाहीं. घरच्या मंडळींच्या स्तंभांतील वेळ वाढला आहे असें म्हणवत नाहीं. यंत्रानें वेळ निर्माण होत नाहीं, फार तर असलेला हातीं लागतो. परंतु पूर्वीं त्या तुकड्यांपुढें 'बसून होती' एवढेंच लिहावें लागे. आतां 'पत्ते' असें लिहितों. परवां सकाळीं यंत्र उंबऱ्याशीं उघडें होतें, डाव रंगांत होता, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली. डावांतलीं चार पानें तेवढीं लागावयाचीं राहिलीं होतीं. आम्ही उठलों आणि गॅस बंद केला.