आगेऱ्याचा महिना

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, मिसिसागा

आज इथे थँक्सगिव्हिंगची सुट्टी. कॅनडात १९५७पासून हा दिवस ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीच येतो, आणि मला दर वर्षी आमचा आगेरा आठवतो. मुंबईतल्या मनोरीला आम्ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती माणसं याच महिन्यात भाताच्या पहिल्या लोंब्या देवळात नेतो, पाद्री त्यांना आशीर्वाद देतात. आधी देवाचे आभार, मग नवा भात.

सकाळी आईने पाठवलेली बाटली उघडली. तिने उन्हाळ्यात कुटून घेतलेला बॉटल मसाला, विसावर जिन्नस त्यात. उजेडाने वास उडू नये म्हणून बाटली गडद तपकिरी, आणि आत मसाला काठीने असा ठासून भरलेला की पहिला चमचा खरवडूनच काढावा लागला. बूच निघालं आणि घरभर मनोरीचा मे महिना पसरला.

ह्यांची रात्रपाळी संपली होती, तरी ते झोपायला गेले नाहीत. तळायच्या फुग्यांचं पीठ त्यांनीच फेटलं. लेक मुठीतून एकेक गोळा तेलात सोडत होती, अगदी आज्जीसारखी. तिला हे कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. मी बघतच राहिले.

इथल्या आमच्या पहिल्या थंडीत शेजारच्या आजींनी लेकीला आपल्या नातीचा कोट दिला होता. म्हणून पहिले गरम फुगे त्यांच्या घरी गेले.

मग आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ, ती मार्व्याहून येणाऱ्या बोटीत होती. "बोल गो," म्हणाली.